लहानपणापासून ज्यांच्यावर हसलो, त्या विनोदी नटाची मुलाखत: पुण्यातील नवख्यांसाठी मार्गदर्शन

माझी पहिली मुलाखत सव्वा तास चालली. चहा दोनदा झाला आणि मी पोट धरून हसले. घरी येऊन लिहायला बसले तेव्हा लक्षात आले की त्या ज्येष्ठ विनोदी नटाने मला सांगितलेल्या अकरा किश्श्यांपैकी नऊ मी जुन्या दिवाळी अंकांत आधीच वाचलेले होते, आणि तेही जवळजवळ त्याच शब्दांत. त्यांनी माझ्यासाठी एक छोटा प्रयोग केला होता आणि मी समोर प्रेक्षक म्हणून बसले होते. चार महिन्यांनी मी पुन्हा गेले आणि त्या वेळी जे हाती आले ते छापण्याजोगे होते. या दोन भेटींच्या मधल्या काळात जे कळले ते येथे क्रमाने मांडत आहे. या लेखासाठी मी त्यांची परवानगी घेतलेली नाही, म्हणून त्यांचे नाव देत नाही.

१. भेट हवी आहे की मुलाखत, हे आधी ठरवा

आपल्याला पाया पडायचे आहे, सोबत छायाचित्र काढायचे आहे आणि दोन वाक्ये बोलायची आहेत, एवढीच इच्छा असेल तर तीत कमीपणा काही नाही. त्यासाठी प्रयोगाचे तिकीट काढावे, पडदा पडल्यावर व्यवस्थापकांना विचारून रंगपटात जावे आणि पाच मिनिटांत बाहेर यावे. मुलाखत ही वेगळी गोष्ट आहे. तिच्यात समोरच्या माणसाला तासभर आठवायला लावायचे असते, आणि आठवणे हे ऐंशीच्या घरातल्या माणसासाठी श्रमाचे काम असते. दोन्ही हेतू एकाच भेटीत उरकायला गेले की मुलाखत मागे पडते.

२. पूर्वतयारीला किमान दोन आठवडे द्या

एक दोनशे पानी वही घ्या. उजव्या पानावर त्यांच्या कामाचा कालक्रम लिहा: वर्ष, नाटक किंवा चित्रपट, लेखक, दिग्दर्शक, निर्माती संस्था, भूमिका, सहकलाकार. डावे पान कोरे ठेवा, त्याचा उपयोग पुढे सांगते.

पुण्यात राहणाऱ्याला या कामासाठी फार फिरावे लागत नाही. १८४८ पासून चालत आलेले पुणे नगर वाचन मंदिर आणि नारायण पेठेतील पुणे मराठी ग्रंथालय येथे जुने अंक आणि नाट्यविषयक पुस्तके पाहता येतात. चित्रपटांसाठी विधी महाविद्यालय रस्त्यावर १९६४ साली स्थापन झालेले राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय आहे. कोठेही जाण्यापूर्वी वेळ आणि सभासदत्वाचे नियम दूरध्वनीवरून विचारून घ्यावेत. जुन्या वर्तमानपत्रांतील नाटकांच्या जाहिराती अजिबात वगळू नयेत, कारण प्रयोग कितवा, कोठे, किती वाजता आणि भूमिकेत कोण, एवढी माहिती बऱ्याचदा त्या दोन बोटे रुंदीच्या चौकटीत मिळून जाते.

येथे एक सापळा आहे. नाटकाचा शुभारंभ ज्या वर्षी झाला त्याच वर्षी आपला नट त्यात होता, असे गृहीत धरू नका. अनेक गाजलेल्या भूमिका मूळ नटाने सोडल्यानंतर बदली म्हणून आलेल्या नटाने गाजवलेल्या असतात. ‘शुभारंभाच्या प्रयोगाला तुम्हाला काय वाटले?’ असा प्रश्न अशा माणसाला विचारला, तर पुढचा तासभर तो आपल्याला सौजन्याने वागवतो, पण सांगत काहीच नाही. मी हे केलेले आहे.

आता डावे पान. त्या पानावर त्यांचे ठेवणीतले किस्से लिहून काढा. प्रत्येक विनोदी नटाकडे असे दहा-पंधरा किस्से असतात. राजा गोसावींचा किस्सा घ्या. पुण्यातील भानुविलास चित्रपटगृहात ते तिकीटविक्रीचे काम करत आणि १९५२ सालच्या ‘लाखाची गोष्ट’ या चित्रपटाचे नायक असताना त्याच चित्रपटाची तिकिटे त्यांनी खिडकीतून विकली, असे सांगतात. आपल्या नटाकडेही अशा गोष्टी असणारच. किस्सा पाठ करण्यासाठी ही यादी नको, तर किस्सा जेथे संपतो तेथून पुढचा प्रश्न काढण्यासाठी हवी. खिडकीपुढच्या माणसांनी त्यांना ओळखले का? नायक झाल्यावरही नोकरी किती दिवस ठेवली? डाव्या पानावर प्रत्येक किश्श्याखाली असे दोन प्रश्न लिहून ठेवा.

नट अजून रंगमंचावर काम करत असेल तर एकच नाटक दोन वेगळ्या नाट्यगृहांत पाहा. मी पहिला प्रयोग बालगंधर्व रंगमंदिरात पाहिला आणि दुसरा कोथरूडच्या यशवंतराव चव्हाण नाट्यगृहात. दुसऱ्या वेळी कडेच्या खुर्चीवर बसून, रंगमंचाकडे कमी आणि प्रेक्षकांकडे जास्त पाहत, कोणत्या वाक्याला हशा आला ते अंधारात वहीवर खरडले. बालगंधर्वमध्ये छप्पर उडवणारे एक वाक्य कोथरूडला कोरडे गेले होते. माझ्या दुसऱ्या मुलाखतीतला सर्वांत चांगला प्रश्न मला त्या खरडलेल्या पानावर सापडला.

३. संपर्क व्यवस्थापकामार्फत आणि पत्राने साधा

कोणाकडून तरी खासगी क्रमांक मिळवून थेट फोन करू नका. नाटकाच्या जाहिरातीत बहुधा व्यवस्थापकाचा किंवा संस्थेचा क्रमांक असतो, तेथून सुरुवात करावी. प्रयोगाच्या दिवशी नाट्यगृहावर जाऊन व्यवस्थापकांना भेटायचे असेल तर प्रयोगापूर्वी दीड तास तरी आधी जा. पहिली घंटा झाल्यावर रंगपटाच्या दाराशी उभा राहिलेला अनोळखी माणूस कोणालाही नको असतो. तिसरी घंटा होईपर्यंत विनोदी नट बहुधा सर्वांत गंभीर असतो, हेही ध्यानात ठेवावे.

हातात एक पानाचे पत्र असावे. माझ्या पत्रातला मुख्य भाग असा होता:

‘आपल्या रंगभूमीवरील कामाविषयी, विशेषतः हशा आणि संवादफेकीच्या तंत्राविषयी, आपली साठ मिनिटांची मुलाखत घेण्याची इच्छा आहे. ती दिवाळी अंकात प्रसिद्ध होईल. आपण सांगितलेले संवाद छापण्यापूर्वी आपल्याला वाचून दाखवीन. आपल्या सोयीचा दिवस व वेळ व्यवस्थापकांमार्फत कळवल्यास आभारी होईन.’

आपण लहानपणापासून त्यांचे किती निस्सीम चाहते आहोत, हे पत्रात लिहू नका. अशी पत्रे त्यांना पोत्याने येतात. विषय, वेळ, प्रसिद्धीचे ठिकाण आणि वाचून दाखवण्याचे आश्वासन या चार गोष्टींनी उत्तर येते. दिवाळी अंकासाठी मुलाखत असेल तर हा उद्योग उन्हाळ्यातच सुरू करावा, कारण गणपतीच्या सुमारास संपादकांची मजकूर हातात असण्याची अपेक्षा असते, आणि नटांचे दौरे कोणाच्या अंकासाठी थांबत नाहीत.

४. वेळ आणि जागा

दुपारी एक ते चार या वेळेत पुण्यात फोन करू नये, हे सांगण्याची गरज नाही, तरी सांगते, कारण मी दोन वाजून दहा मिनिटांनी केला होता. सकाळी साडेदहा ते बारा किंवा संध्याकाळी पाचनंतरची वेळ बरी. प्रयोगाच्या दिवशी मुलाखत घेऊच नये. त्या दिवशी नट आवाज राखत असतो आणि मनाने संध्याकाळच्या विंगेत पोचलेला असतो.

शक्यतो त्यांच्या घरीच भेटा. उपाहारगृहात दर तीन मिनिटांनी कोणी तरी नमस्कार करायला येते आणि नट लगेच त्या माणसासाठी नट होतो. घरी गेल्यावर रस्त्याच्या बाजूची खिडकी, डोक्यावरचा पंखा आणि स्वयंपाकघराचे दार यांच्याकडे लक्ष द्या. माझ्या पहिल्या ध्वनिमुद्रणात त्यांच्या गुरूविषयीचे एकमेव नवे वाक्य कुकरच्या तिसऱ्या शिट्टीखाली कायमचे गाडले गेले आहे.

५. सोबत काय न्यावे

– संपादकांचे किंवा संस्थेचे पत्र आणि आपले ओळखपत्र
– संमतीपत्राच्या दोन प्रती: ध्वनिमुद्रण, छपाई आणि छायाचित्रे यांना वेगवेगळी संमती घ्यावी
– ध्वनिमुद्रणाची दोन साधने: एक फोन आणि दुसरा फोन किंवा रेकॉर्डर, दोन्ही फ्लाइट मोडवर
– कॉलरला लावायचा छोटा माइक, पॉवर बँक
– ती वही आणि दोन पेने
– जुन्या प्रयोगांच्या जाहिरातींच्या किंवा छायाचित्रांच्या मोठ्या आकारातील छायाप्रती

फोनमध्ये जागा मोकळी आहे ना, हे घरून निघण्यापूर्वी पाहा. वेव्ह स्वरूपातील मोनो ध्वनिमुद्रणाला तासाला सुमारे ३२० एमबी लागतात. त्यामुळे २ जीबी जागा मोकळी असली की निश्चिंत राहता येते. छायाप्रतींचे महत्त्व मला दुसऱ्या भेटीत कळले. ‘त्या नाटकाविषयी सांगा’ असे म्हटले की किस्सा येतो. जुनी जाहिरात हातात दिली की चष्मा लावला जातो, बोट नावांवरून फिरू लागते आणि ‘हा कोण बरे... हा तर आमचा प्रॉम्प्टर’ अशी खरी आठवण सुरू होते.

फुलांचा गुच्छ नेऊ नये. तो ठेवायला फुलदाणी शोधण्यात घरच्या माणसांची पाच मिनिटे जातात.

६. संबोधन आणि पहिली दहा मिनिटे

नाट्यसृष्टीतील माणसे ज्येष्ठ नटाला मामा, भाऊ, अण्णा अशा नावांनी हाक मारतात. ही नावे त्यांनी एकत्र दौरे करून, बसमध्ये रात्री काढून कमावलेली असतात. आपण पहिल्या भेटीत ‘मामा’ म्हणणे हे आगंतुकपणाचे दिसते. ‘सर’ म्हणावे किंवा आडनावापुढे ‘साहेब’ लावावे, आणि त्यांनीच दुसरे काही सुचवले तर ते स्वीकारावे.

आपले प्रेम एका वाक्यात, पण नेमक्या तपशिलासह सांगा. चौथीत असताना आजोबांनी मला बालगंधर्वच्या बाल्कनीत नेले होते. त्या प्रयोगात यांची एक चप्पल सोफ्याखाली जाते आणि तिच्या शोधात ते संपूर्ण प्रवेश एका पायावर उभे राहून काढतात, हे पाहून मी आजोबांच्या मांडीवर डोके आपटून हसले होते. पहिल्या भेटीत हे सांगायला मी नऊ मिनिटे घेतली, तसे ध्वनिमुद्रणातच दिसते. दुसऱ्या भेटीत मी फक्त विचारले, ‘ती चप्पल सोफ्याखाली नेमकी कशी जायची?’ ते हसले नाहीत. त्यांनी मान तिरकी केली आणि विचारले, ‘कितव्या रांगेत होता?’ तेथून मुलाखत सुरू झाली.

७. प्रश्न: कौतुकाचे नकोत, कामाचे हवेत

‘तुम्हाला विनोद कसा सुचतो?’, ‘सर्वांत आवडती भूमिका कोणती?’, ‘आजच्या विनोदाविषयी काय वाटते?’ हे तीन प्रश्न वहीतून खोडून टाका. त्यांची उत्तरे त्यांनी शेकडो वेळा दिलेली आहेत आणि ती गुळगुळीत झालेली आहेत. ‘ते वाक्य एकदा म्हणून दाखवा ना’ ही विनंती तर कधीही करू नये. आपण ज्या क्षणी ते मागतो, त्या क्षणी आपण पुन्हा तिकीट काढून आत बसलेलो असतो.

विनोदी नटाला त्याच्या हातांविषयी, पायांविषयी, कपड्यांविषयी, समोरच्या नटाविषयी विचारा. आचार्य अत्र्यांच्या ‘मोरूची मावशी’मध्ये विजय चव्हाणांनी मावशीची भूमिका गाजवली. अशा भूमिकेच्या नटाला ‘स्त्रीभूमिका करताना काय वाटले?’ असे विचारण्यापेक्षा साडी कोण नेसवत असे, त्याला किती वेळ लागे, उडी मारताना निऱ्या सुटू नयेत म्हणून काय करत, असे विचारले तर विनोदाच्या मागचे सगळे बांधकाम दिसू लागते. चपलेच्या प्रश्नाचे उत्तर मला असे मिळाले की ती चप्पल अर्धा इंच मोठी होती, तिच्या तळाला मेण लावलेले असे आणि रंगमंचाची फळी खडबडीत असेल तर तो संपूर्ण प्रसंग गाळावा लागे.

कोथरूडला कोरड्या गेलेल्या वाक्याविषयी विचारले तेव्हा त्यांनी पुढ्यातली बशी उचलली. एका हाताने बशी हळूहळू वर नेली, क्षणभर थांबवली आणि खाली आणू लागले. हशा असा चढतो, शेंड्याला थांबतो आणि उतरतो. पुढचे वाक्य शेंड्यावर टाकले तर ते कोणाला ऐकू जात नाही आणि हशा पूर्ण शांत झाल्यावर टाकले तर प्रेक्षक थंड झालेला असतो. बशी अर्धी उतरली की वाक्य टाकायचे. त्या दिवशी समोरच्या नटाने बशी शेंड्यावर असतानाच पुढचे वाक्य उचलले आणि त्यामुळे यांच्या वाक्याचा पायाच निघून गेला. हे सांगताना त्यांनी त्या नटाला नावे ठेवली नाहीत. बशी मात्र तीन वेळा वर-खाली केली. पहिल्या सव्वा तासात यातले एक अक्षरही नव्हते.

समोरच्या नटाचा हा विषय कधीही सोडू नका. राजा गोसावी आणि शरद तळवलकर यांच्यासारख्या जोड्यांत एक हशा घेतो आणि दुसरा तो उचलून देतो, हे प्रेक्षकांना जाणवत नाही, पण नटांना चांगले ठाऊक असते. ‘तुम्हाला हशा कोण उचलून देत असे?’ या प्रश्नाला मला पाच नावे मिळाली. त्यांपैकी तीन मी कधी ऐकलेली नव्हती.

दुसरा उपयुक्त विषय म्हणजे अ‍ॅडिशन, म्हणजे नटाने ऐन वेळी पदरचे घातलेले वाक्य. महाराष्ट्रात नाटकाची संहिता रंगभूमी प्रयोग परिनिरीक्षण मंडळाकडून मंजूर करून घ्यावी लागते, आणि रंगमंचावर उत्स्फूर्तपणे घेतलेले वाक्य अर्थातच त्या संहितेत नसते. कोणती अ‍ॅडिशन पुढे कायमची झाली, लेखक कशावर रागावले, दिग्दर्शकाने कोणती काढायला लावली, असे विचारले की नाटक प्रयोगागणिक कसे बदलत गेले, ते कळते. मात्र कोणत्या सहकलाकाराने अ‍ॅडिशन घेऊन त्यांचा हशा पळवला, हे पहिल्या अर्ध्या तासात विचारू नये.

ठेवणीतला किस्सा सुरू झाला तर अडवू नका. तो त्यांचा श्वास घेण्याचा मार्ग असतो. किस्सा संपू द्या, मग डावे पान उघडून विचारा: तेव्हा तुम्ही कोठे उभे होता, आणखी कोण होते, दुसऱ्या दिवशीच्या प्रयोगात काय झाले. तिसऱ्या प्रश्नाला बहुतेक वेळा ते थांबतात. त्या वेळी मनात सावकाश सातपर्यंत आकडे मोजावेत आणि तोंड बंद ठेवावे.

हसण्याविषयीही सांगितले पाहिजे, कारण माझी सगळी पहिली मुलाखत हसण्यात वाहून गेली. आपण खळखळून हसलो की समोरच्या माणसातला नट जागा होतो, त्याला दुसरा हशा हवासा वाटतो आणि तो आठवण सोडून वाक्य शोधू लागतो. शिवाय ध्वनिमुद्रणात त्यांच्या पुढच्या वाक्यावर आपलेच हसणे बसते. स्मित करावे आणि डोळे वहीकडे न्यावेत. हे कठीण आहे. मी दातांत पेन धरले होते.

पैशांविषयी विचारायचे असेल तर जुन्या काळाचे विचारावे. प्रयोगाच्या मानधनाला रंगभूमीवर ‘नाइट’ म्हणतात. पहिली नाइट किती मिळाली आणि तिचे काय केले, हे सगळे आनंदाने सांगतात. आजच्या नाइटविषयी विचारू नये. दिवंगत सहकलाकारांचा विषय त्यांनी काढला तरच पुढे न्यावा.

८. साठ मिनिटे झाली की थांबा

पत्रात साठ मिनिटे लिहिली असतील तर साठाव्या मिनिटाला ‘वेळ झाली आहे, थांबू का?’ असे स्वतःहून विचारा. बहुधा उत्तर ‘बसा हो’ असे येते, पण विचारलेच नाही तर पुढच्या भेटीचे दार लागते. यंत्र बंद केल्यावर दाराशी चपला घालताना जे बोलणे होते ते अनेकदा सर्वांत मोलाचे असते. ते वापरायचे असेल तर तेथेच परवानगी घ्यावी आणि इमारतीच्या जिन्यात बसून लगेच लिहून काढावे. मी दोन मजले खाली येऊन पाण्याच्या मीटरशेजारी बसले होते.

९. लिहून काढणे, पडताळणे आणि छायाचित्रे

त्याच रात्री ध्वनिमुद्रणाची दुसरी प्रत करा. एक तासाचे बोलणे लिहून काढायला मला सहा तास लागले. त्यांची बोलण्याची ढब, अर्धवट सोडलेली वाक्ये आणि ‘अगं, मग काय’ सारखे तुकडे पहिल्या खर्ड्यात तसेच ठेवा, छाटणी नंतर करावी. प्रमाण भाषेत सगळे धुऊन काढले तर बशी जाते आणि फक्त सिद्धान्त उरतो.

सालांच्या बाबतीत स्मरणशक्तीवर विसंबू नका, त्यांच्याही नाही आणि आपल्याही नाही. त्यांनी सांगितलेले वर्ष वहीच्या उजव्या पानाशी जुळले नाही तर फोन करून नम्रपणे विचारा. माझ्या बाबतीत त्यांचे एक वर्ष चुकले होते आणि माझी दोन. तिन्ही चुका त्यांच्या पत्नीने मुलांच्या जन्मवर्षांवरून मोजून दुरुस्त केल्या.

संपूर्ण लेख दाखवावा की नाही, याविषयी मतभेद आहेत. त्यांच्या तोंडची वाक्ये वाचून दाखवावीत, आपले निरीक्षण आणि मत दाखवू नये, असे माझे मत आहे. घरच्या संग्रहातले छायाचित्र त्यांनी दिले म्हणजे ते छापण्याचा अधिकार मिळाला असे होत नाही. १९५७ च्या स्वामित्वहक्क कायद्यानुसार छायाचित्राचा हक्क सर्वसाधारणपणे ते काढणाऱ्याकडे असतो आणि ते काढणाऱ्याच्या निधनानंतर ६० वर्षे टिकतो. छायाचित्राच्या मागे स्टुडिओचा शिक्का असेल तर तेथे किंवा वारसांकडे विचारणा करावी आणि श्रेय छापावे.

१०. अंक पोचवणे

अंक निघाल्यावर त्याची पीडीएफ पाठवून मोकळे होऊ नका. छापील अंक स्वतः नेऊन द्या, एकच्या आत किंवा पाचच्या नंतर. दोन प्रती न्या, कारण एक त्याच संध्याकाळी कोणी तरी पाहुणा घेऊन जातो. मी गेले तेव्हा त्यांनी स्वतःचे छायाचित्र असलेले पान उलटले, बशीचा परिच्छेद शोधून काढला, तो पत्नीला मोठ्याने वाचून दाखवला आणि मधल्या एका ओळीवर थांबून म्हणाले की येथे स्वल्पविराम चुकीच्या जागी पडला आहे, हशा त्याच्या आधीच्या शब्दावर येतो.